नवीन घराचा प्लॅन काढताय? आधी पलंग मांडा, भिंती नंतर

घर बांधायचं ठरलं की बहुतेक जण सुरुवात करतात ती खोल्यांच्या यादीपासून. तीन बेडरूम, हॉल, किचन, दोन बाथरूम, आणि मग त्या खोल्या प्लॉटच्या चौकोनात बसवायला लागतात. चौकोनात चौकोन बसतातही, त्यात अवघड काही नाही. खरी गंमत कळते राहायला गेल्यावर. कपाटाचं दार पलंगाला आपटतं, टीव्ही बघणाऱ्यांच्या समोरून सगळ्यांची सारखी ये-जा चालू राहते, वॉशिंग मशीन कुठेच बसत नाही म्हणून शेवटी बाल्कनीत जातं आणि तिथे नळच दिलेला नसतो. हे सगळं कागदावर आधीच दिसलं असतं, पण त्या कागदावर पलंग, कपाट, मशीन काढलेलंच नव्हतं, नुसतं "बेडरूम १० बाय १०" एवढं लिहिलेलं होतं.

म्हणून माझं सांगणं एकच, आधी माणसं आणि सामान मांडा, भिंती त्यांच्या भोवतीने येऊ द्या. आर्किटेक्ट नको असं मी म्हणत नाहीये, तो लागणारच, पण "तुम्हीच काहीतरी छानसं सुचवा" म्हणत रिकाम्या हाताने जाणारा आणि वहीत सगळं मोजून नेणारा, या दोघांच्या हातात पडणाऱ्या प्लॅनमध्ये खूप फरक असतो.

सामान फार लागत नाही. ग्राफ पेपर, पेन्सिल, खोडरबर, मेजरिंग टेप, कात्री आणि थोडा जाड कागद. ग्राफवर एक चौकोन म्हणजे १ फूट धरा, हिशोब सोपा जातो. मोबाईलवर प्लॅन काढायची भरपूर ॲप आहेत आणि ती वाईट नाहीत, पण सुरुवातीला मी कागदच सांगेन, कारण ॲपमध्ये पहिलाच प्लॅन इतका चकाचक दिसतो की तो बदलावासाच वाटत नाही, आणि पहिला प्लॅन तर बदलायचाच असतो.

१. आधी प्लॉट नीट बघून घ्या

कागदपत्रात जे माप लिहिलंय ते जागेवर तसंच असेल असं धरून चालू नका. चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण पण मोजा. चारही कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण सारखे भरतात, ३० बाय ४० च्या प्लॉटचा कर्ण बरोब्बर ५० फूट यायला हवा. एक कर्ण ५० आणि दुसरा ४८ आला तर प्लॉट तिरका आहे, आणि हे प्लॅन काढून झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मग उतार बघा, म्हणजे पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. रस्ता प्लॉटपेक्षा वर आहे का खाली, ड्रेनेजची लाईन कुठून जाते, विजेचा खांब कुठे आहे, तोडायचं नाही असं झाड आहे का, शेजारच्याची खिडकी नेमकी कुठे उघडते. हे सगळं एका कागदावर मांडा. त्यावरच उत्तर दिशा दाखवा. मोबाईलचा कंपास गाडी किंवा लोखंडी गेटच्या जवळ उभं राहून बघितलात तर चुकीची दिशा दाखवेल, त्यामुळे प्लॉटच्या मध्यभागी उभे राहून बघा.

बांधकामाचे नियम जागोजागी वेगळे असतात, कुठल्या बाजूला किती मोकळं सोडायचं, प्लॉटच्या किती भागावर बांधता येतं, उंची किती चालते. हे आधी विचारून घ्या आणि त्या मोकळ्या जागेच्या रेघा कागदावर मारा. आत उरला तो तुमचा खरा कागद. बरेच जण अख्ख्या प्लॉटवर स्वप्नं रंगवतात आणि मग मार्जिन सोडल्यावर तोंड उतरतं.

२. माणसं आणि त्यांचा दिवस

घरात राहणार कोण, आज कोण आणि १० वर्षांनी कोण. लहान मुलं मोठी होणार, मोठी मुलं बाहेर जाणार, आई-वडिलांना जिना चढायचा त्रास होणार, हे सगळं ठरलेलंच आहे, त्यात अचानक काही होत नाही. तरी प्लॅन करताना लोक आजच्या दिवसापुरताच विचार करतात.

मग सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोण कुठे असतं ते लिहून काढा. सकाळी एकाच वेळी किती जणांना बाथरूम लागतं? कोणी घरून काम करतं का, त्याला कॉलवर बोलताना दार लावता येईल अशी जागा आहे का? रात्रपाळीवरून येऊन दिवसा झोपणारं कोणी आहे का? कपडे धुतात कुठे, वाळत घालतात कुठे, इस्त्री कुठे, घडी करून ठेवतात कुठे? हा कपड्यांचा प्रवास एकदा बोटाने कागदावर फिरवून बघा, कित्येक घरांत मशीन एका टोकाला, दोरी दुसऱ्या टोकाला आणि कपाटं वरच्या मजल्यावर असतात, आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन कोणीतरी रोज हॉलमधून जात असतं.

घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा बरं का. सगळ्यांना एकत्र बसवलं की एकच जण बोलतो.

३. टेप घ्या आणि घरातलं सामान मोजा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात उपयोगाची पण आहे. जे सामान नवीन घरात नेणार आहात ते सगळं मोजा, जे नवीन घेणार त्याचं माप आधी बघून ठेवा. अंदाजासाठी काही मापं देतो. क्वीन साईज पलंग ५ फूट बाय साडेसहा फूट, किंग ६ बाय साडेसहा. कपड्यांच्या कपाटाची खोली २ फूट, त्यापेक्षा कमी केलीत तर हँगर आडवे बसत नाहीत. सोफ्याची खोली ३ फुटांच्या आसपास. मोठा फ्रिज अडीच ते ३ फूट रुंद. वॉशिंग मशीन २ बाय २ फूट, पण मागे पाईप असतो म्हणून ४ ते ६ इंच जास्त धरा. डायनिंग टेबलच्या बाजूला खुर्ची मागे ओढून बसायला अडीच फूट, आणि बसलेल्याच्या मागून कोणी जाणार असेल तर साडेतीन.

या मापाचे तुकडे जाड कागदातून कापा, एक चौकोन १ फूट याच हिशोबाने, आणि त्यावर नावं लिहा. आता हे तुकडे ग्राफवर सरकवत बसायचं. घरातली पोरं या कामाला एकदम उत्तम.

४. अजून भिंती नाहीत, नुसते गोल

पहिल्या कागदावर खोल्यांचे चौकोन काढूच नका, गोल काढा. एक गोल हॉल, एक किचन, एक आई-बाबांची खोली, आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे ते जवळ आणा. किचन आणि डायनिंग जवळ. किचन आणि बाहेरचं दार किंवा पार्किंग जवळ, कारण सामानाच्या पिशव्या तिथूनच येतात. मुलांच्या झोपायच्या खोल्या टीव्हीपासून लांब. टॉयलेटचं दार डायनिंगसमोर नको. पाहुणा आला तर त्याला बाथरूमला जायला कोणाच्या बेडरूममधून जावं लागू नये. असे चार-पाच वेगवेगळे कागद करा आणि मग त्यातला एक निवडा, भिंती त्यानंतर.

५. बेडरूम, म्हणजे मुद्दा कळेल

आता एक खोली पूर्ण मांडून बघू. समजा १० बाय १० ची खोली आहे आणि क्वीन साईज पलंग. उशाकडची बाजू एका भिंतीला लावली. पलंग ५ फूट रुंद, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरले, छान, दोघांनाही आपापल्या बाजूने उतरता येतं. लांबीत पलंग साडेसहा फूट, पायाकडे उरले साडेतीन. समोरच्या भिंतीला २ फुटांचं कपाट लावलं की मधे राहिला दीड फूट. दीड फुटात कपाटाची झडप धड उघडत नाही, खालचा ड्रॉवर तर विसराच, आणि पलंगावर बसून कपाट उघडायची सवय लावून घ्यावी लागते.

आता तीच खोली १० बाय १२ करा. १२ मधून पलंगाचे साडेसहा आणि कपाटाचे २ वजा केले की साडेतीन फूट राहतात. एक माणूस कपाट उघडून उभा आहे आणि दुसरा मागून जातोय, एवढी जागा. फक्त २ फुटांनी खोली राहण्यासारखी झाली.

पण अजून दार राहिलंय! कपाट भिंतभर १० फुटांचं केलं आणि दार त्याच्या अगदी शेजारी, लांब भिंतीला दिलं, तर दार आत उघडल्यावर कपाटाच्या झडपेसमोर येऊन उभं राहतं. दार उघडं असताना कपाट उघडत नाही आणि कपाट उघडं असताना दार. यावर उपाय सोपा आहे, कपाट साडेसहा फुटांवर थांबवायचं आणि दार त्या रिकाम्या कोपऱ्यात द्यायचं, बिजागरी कोपऱ्याकडे, म्हणजे उघडल्यावर दार भिंतीला टेकून राहतं आणि कोणाच्या वाटेत येत नाही. सुरुवातीला दार उघडताना जो पाव गोल फिरतं तो प्लॅनवर प्रत्येक दारापाशी काढायचाच, तो काढल्याशिवाय हे कळत नाही.

मापं लिहिताना ती आतली आहेत का बाहेरची ते पण लिहा. भिंती जागा खातात, आणि किती खातात ते ऐकून लोक दचकतात. बाहेरून २५ बाय ३६ चं घर, म्हणजे एका मजल्याला ९०० चौरस फूट. बाहेरच्या भिंती ९ इंची धरल्या तर आत उरतं साडेतेवीस बाय साडेचौतीस, म्हणजे साधारण ८११. आतल्या साडेचार इंची भिंती मिळून ९० फूट लांब धरल्या तर अजून ३४ गेले. जिन्याचे १०० गेले, साडेतीन फुटी पॅसेज १२ फूट लांब असेल तर ४२ गेले. ९०० म्हणता म्हणता खोल्यांना ६३५ च्या आसपास उरतात. म्हणून पॅसेज कमी करायला बघा, पण ३ फुटांपेक्षा अरुंद करू नका, साडेतीन असला तर पलंग-कपाट आत न्यायला वळण तरी मिळतं.

६. जिना नंतर बघू असं कधीच करू नका

दुमजली घर असेल तर जिना सगळ्यात आधी बसवा, कारण तो दोन्ही मजल्यांवर एकाच जागी येतो आणि नंतर कुठे सरकत नाही. प्लॅनमध्ये उरलेल्या कोपऱ्यात कोंबलेला जिना चढताना लगेच कळतो, पायऱ्या उंच आणि पाय टेकायला जागा कमी.

हिशोब असा. समजा एका फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच, यात स्लॅबची जाडी पण आली. पायरीची उंची साडेसहा-सात इंचांच्या आत ठेवायची. १८ चढ धरून १२० ला १८ ने भागलं तर ६.६७ इंच, चालेल. पाय ठेवायची रुंदी साडेदहा इंच घेऊ. १७व्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या चालीवरून एक नियम मांडला होता आणि तो अजूनही वापरतात, पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा यांची बेरीज २४ ते २५ इंच यायला हवी. आपली येते २३.८, म्हणजे जवळपास बरोबर, रुंदी ११ केली तर अजून छान.

मधे वळण घेणारा जिना असेल तर १८ चढांचे ९-९ असे दोन भाग. ९ चढांना ८ पायऱ्या आडव्या लागतात, नववा चढ लँडिंगवरच, म्हणजे वळणावरच्या सपाट जागेवर पोचतो. ८ गुणिले साडेदहा म्हणजे ८४ इंच, बरोबर ७ फूट. त्यात मधलं लँडिंग साडेतीन फूट आणि जिन्यापुढे उभं राहायला साडेतीन फूट, झाले १४ फूट. रुंदीत साडेतीन फुटांच्या दोन रांगा आणि मधे रेलिंगला ३ इंच, म्हणजे सव्वासात फूट. सव्वासात बाय १४, म्हणजे साधारण १०० चौरस फूट, प्रत्येक मजल्यावर. वरच्या हिशोबात ते १०० आले ते इथूनच. आणि डोक्यावर ७ फूट मोकळं आहे ना ते बघा, जिन्याखाली टॉयलेट काढताना हे हमखास विसरतात आणि मग उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. जिन्याखाली स्टोअर ठेवा, इन्व्हर्टर ठेवा, सायकली ठेवा, टॉयलेट शक्यतो नको.

अजून एक बारकी गोष्ट, सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. फरशी बसवल्यावर पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी होते आणि तिथेच माणूस अडखळतो. फरशीची जाडी किती धरलीय ते आधीच विचारा.

७. किचन

किचनमध्ये मोठं म्हणजे चांगलं असं नसतं. १९२६ साली मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नव्या घरांसाठी जे किचन काढलं ते फक्त १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, म्हणजे सव्वासहा बाय ११ फूट, आणि कामाच्या हालचाली किती होतात, पावलं किती पडतात याचा विचार करून काढलेलं होतं. आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथून मानतात. तेव्हा जागा कमी आहे म्हणून नाराज होऊ नका, चालणं किती पडतंय ते बघा.

गॅस, सिंक आणि फ्रिज या तिघांमधलं अंतर मोजा. प्रत्येक दोघांमधलं ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत असली की काम सुटसुटीत होतं. गॅस आणि सिंकच्या मधे निदान २-३ फूट ओटा मोकळा ठेवा, चिरणं-निवडणं सगळं तिथेच होतं. फ्रिज किचनच्या दाराजवळ, म्हणजे पाणी प्यायला येणारा माणूस स्वयंपाक करणाऱ्याच्या पायात येत नाही. पण फ्रिज अगदी कोपऱ्यात भिंतीला चिकटवला तर त्याचं दार ९० अंशांपुढे जात नाही आणि आतले ड्रॉवर बाहेर निघत नाहीत, म्हणून बिजागरीच्या बाजूला थोडी जागा सोडा.

समोरासमोर दोन ओटे असतील तर मधे एका माणसासाठी साडेतीन फूट, दोघं काम करणार असतील तर ४. ओट्याची खोली २ फूट. उंची मात्र पुस्तकातली घेऊ नका, जो जास्त वेळ तिथे उभा राहतो त्याला सरळ उभं करा, कोपर वाकवायला सांगा आणि कोपराच्या ४ ते ६ इंच खाली ओटा ठेवा. साधारण ३४-३६ इंच येतो, पण उंचीप्रमाणे बदलतो आणि पाठ दुखणं न दुखणं यावरच आहे.

८. बाथरूम आणि पाणी

पाण्याच्या खोल्या एकमेकांजवळ आणि वरच्या मजल्यावर एकावर एक आल्या की अर्धे त्रास संपतात. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून दिली तर एकाच भिंतीत दोघांचे पाईप बसतात. वरचं बाथरूम खालच्या बेडरूमच्या डोक्यावर आलं तर लिकेज झालं की थेट पलंगावर, आणि लिकेज नाही झालं तरी रात्री फ्लशचा आवाज आहेच.

सांडपाण्याच्या पाईपला फुटामागे पाव इंच उतार लागतो. २० फूट लांब नेला तर ५ इंच खाली जातो. हे ५ इंच कुठून आणायचे हा प्रश्न मग स्लॅबच्या वेळी येतो, तेव्हा प्लंबर काहीतरी जुगाड करतो आणि पाईप तुंबत राहतो. गीझर नळापासून लांब ठेवला तर गरम पाणी येईपर्यंत रोज पाईपभर गार पाणी वाया.

५ बाय ८ फूट हे चांगलं माप आहे, बेसिन, कमोड, शॉवर या क्रमाने एका रांगेत, दाराजवळ कोरडं आणि आत ओलं. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत कमीत कमी १५ इंच, १८ असले तर उत्तम. समोर २ फूट मोकळे. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं दिलं तर अजून चांगलं, कारण आत कोणाला चक्कर येऊन पडायला झालं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि बाहेरून मदत करता येत नाही.

९. खिडक्या, ऊन, वारा

बऱ्याच ठिकाणच्या नियमांत खिडकी फरशीच्या क्षेत्रफळाच्या ८ ते १० टक्के तरी हवी असं असतं. १२० चौरस फुटांच्या खोलीला १२ चौरस फूट, म्हणजे ४ बाय ३. पण दोन काचांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, त्यामुळे वाऱ्यासाठी ती ६ च धरा. वारा आत यायला बाहेर जायची वाट पण लागते, एकाच भिंतीत कितीही मोठी खिडकी दिली तरी खोली कोंदट राहते, समोरच्या नाहीतर शेजारच्या भिंतीत दुसरी द्या, अगदी दारावर झरोका दिला तरी फरक पडतो.

उन्हाचं म्हणाल तर उत्तर गोलार्धात दुपारचा सूर्य वर्षातला बहुतांश काळ दक्षिणेकडे असतो, आणि उन्हाळ्यात तो डोक्यावर असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, हिवाळ्यात तोच सूर्य खाली येतो आणि ऊन छान आत येतं. दक्षिण गोलार्धात हेच उलट, तिथे उत्तरेकडे. पश्चिमेचं ऊन मात्र दोन्हीकडे सारखंच त्रासदायक, संध्याकाळी सूर्य एकदम खाली असतो आणि छज्ज्याखालून सरळ आत घुसतो. म्हणून गरम हवामानात पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर टाका, खिडकी हवीच असेल तर उभ्या पट्ट्या किंवा झाड. थंड हवेत राहत असाल तर तेच ऊन तुम्हाला हवं असेल, तो निर्णय तुमचा.

खिडक्या काढताना एक बघा, भिंतच शिल्लक राहिली पाहिजे. चारही भिंतींना खिडक्या आणि दारं असलेल्या खोलीत कपाट कुठे लावणार?

१०. हॉल आणि बाकीचं

हॉलमध्ये दारं कुठे आहेत ते बघा, आकार नंतर. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन दारं आली की लोक तिरके चालतात आणि बसायची जागा मधोमध कापली जाते. तीच दोन्ही दारं एका बाजूला घेतली की चालायची वाट कडेने जाते आणि बाकीचा हॉल शांत राहतो.

आई-वडील असोत नसोत, खालच्या मजल्यावर एक बेडरूम आणि त्याला लागून बाथरूम हवंच, पाय फ्रॅक्चर तर कोणाचाही होतो. त्या खोलीचं दार ३ फुटांचं द्या म्हणजे चौकट-बिजागरी वजा होऊन ३२ इंच तरी मोकळे मिळतात, व्हीलचेअरला तेवढे लागतात. ती फिरवायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं. रॅम्पला १ ला १२ चा उतार, म्हणजे जोतं २ फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब! हे ऐकलं की जोतं किती उंच घ्यायचं याचा लोक दोनदा विचार करतात. अर्थात पाणी भरणारा भाग असेल तर जोतं उंचच हवं, तिथे तडजोड नाही.

पार्किंगला ९ बाय १८ फूट धरा. आणि स्टोअर ठेवा हो. बॅगा, गाद्या, शिडी, जुने खोके, पंखा, हे कुठल्याच प्लॅनमध्ये नसतं आणि प्रत्येक घरात असतं.

११. आता आर्किटेक्टकडे

तुमचे कागद, सामानाची मापं, प्लॉटचे फोटो घेऊन जा. त्यांनी तुमचा प्लॅन मोडून दुसरा काढला तर रागवू नका, कॉलम कुठे येणार, बीम किती लांब जाणार, वरच्या भिंतीखाली खालच्या मजल्यावर काय आहे, हे त्यांना आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बघायचं असतं. कॉलम सरकवा म्हणून हट्ट नको. पण "हा कॉलम कपाटाच्या मधे येतोय, भिंतीत लपेल असा फिरवता येईल का" हे जरूर विचारा, बऱ्याचदा फिरवता येतो.

त्यांच्याकडून फक्त मंजुरीपुरता प्लॅन घेऊ नका. फर्निचर दाखवलेला प्लॅन घ्या, आणि त्याच्याच वर इलेक्ट्रिकचे पॉईंट काढून घ्या. पलंगाच्या दोन्ही बाजूंना मोबाईलचा पॉईंट, पंख्याचा स्विच झोपून हाताला लागेल असा, दिव्याचा स्विच दाराच्या मागे न येता कुलपाच्या बाजूला. जिन्याचा दिवा खालून लावता आणि वरून बंद करता आला पाहिजे.

प्लॅन हातात आला की त्यावर बोट ठेवून दिवसभर फिरा. रात्री २ वाजता अंधारात टॉयलेटला जा. दोन्ही हातात पिशव्या घेऊन गाडीपासून फ्रिजपर्यंत जा. बेल वाजली, तुम्ही किचनमध्ये आहात, कोण आलंय ते दिसतं का? मोठा पलंग जिन्याच्या वळणातून वर जातो का? घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हेच करायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा, ते कुठे अडखळतात ते लिहून घ्या.

शेवटी प्लॉटवर लाईनआउट होतं, म्हणजे प्लॅन जमिनीवर आखतात, तेव्हा स्वतः हजर राहा, सुट्टी काढा हवं तर. फक्कीच्या रेघा बघून सगळ्यांनाच खोल्या लहान वाटतात, मोकळ्या जागेत तसंच दिसतं, घाबरून जाऊन तिथल्या तिथे खोल्या वाढवायला सांगू नका, टेप लावा आणि प्लॅनशी ताडून बघा. कर्ण पुन्हा मोजा. बेडरूमच्या रेघेत पलंगाएवढी चादर अंथरा, दाराच्या जागी उभे राहा, खिडकीतून शेजारचं काय दिसणार ते बघा. एखादी खिडकी फूटभर इकडे हवी वाटली तर आर्किटेक्टला तिथूनच फोन करा आणि तो बदल प्लॅनवर लिहून, तारीख टाकून घ्या, नुसता मिस्त्रीला तोंडी सांगितलेला बदल भिंत उभी राहीपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही.